पत्र्याच्या विमानात घन रिव्हेट: भोकापासून तपासणीपर्यंतचा क्रम

घरी बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या विमानात जे रिव्हेट पुन्हा काढावे लागतात, त्यातले बरेचसे गनचा (रिव्हेट ठोकणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या हत्याराचा) ट्रिगर दाबण्याआधीच बिघडलेले असतात. भोक वाकडं असतं, बर (भोकाच्या काठावर उभी राहिलेली धातूची धारदार कड) राहिलेली असते, लांबी चुकलेली असते किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये चुरा अडकलेला असतो. दोष मात्र हाताला दिला जातो. म्हणून या लेखात गन बरीच उशिरा येते.

इथे फक्त ३/३२ आणि १/८ इंच व्यासाच्या घन ॲल्युमिनियम रिव्हेटबद्दल लिहिलं आहे, म्हणजे भोकातून घालून मागचं टोक ठोकून पसरवायचे रिव्हेट. एका बाजूने ओढून बसवायचे ब्लाइंड रिव्हेट, लाकूड, कापड आणि फायबरची कामं यात नाहीत. तुमच्या विमानाचा आराखडा किंवा किटचं पुस्तक काही वेगळं सांगत असेल, तर तेच पाळा.

१. रिव्हेट ओळखा, लांबी ठरवा

पुडीवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. एएन४७०एडी४-५ घ्या. ४७० म्हणजे वर दिसणारं गोल डोकं, ४२६ असेल तर पत्र्याशी सपाट बसणारं १०० अंशांचं डोकं. एडी म्हणजे २११७ मिश्रधातू. पुढचा ४ म्हणजे ४/३२, म्हणजेच १/८ इंच व्यास. शेवटचा ५ म्हणजे ५/१६ इंच लांबी. ४७० ची लांबी डोक्याच्या खालून मोजतात, तर ४२६ ची डोक्यासकट.

पुडी फुटून रिव्हेट एकमेकांत मिसळले, तर डोक्याकडे पाहा. एडी रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. ज्यावर काहीच खूण नाही, तो मऊ शुद्ध ॲल्युमिनियमचा. तो ताण घेणाऱ्या सांध्यात चुकूनही घालू नका. मारताना तो फार छान बसतो, आणि नवख्या माणसाला तेच आवडतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. जोडायच्या सगळ्या पत्र्यांची जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. १.६ मिमीच्या दोन पट्ट्या १/८ इंची रिव्हेटने जोडायच्या असतील, तर ३.२ अधिक ४.८, म्हणजे ८ मिमी. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, तेव्हा ४-५ बरोबर. ०.८ मिमीचे दोन पत्रे ३/३२ च्या सपाट रिव्हेटने जोडताना १.६ अधिक ३.६, म्हणजे ५.२ मिमी. इथे ३-३ आखूड पडतो आणि ३-३.५ लागतो. अर्ध्या मापाचे रिव्हेट मिळतात ते याचसाठी.

तपासणी: रिव्हेट भोकात घालून मागे किती बाहेर येतो ते पाहा. व्यासाच्या दीडपट हवा. फार लांब असेल तर तो वाकेल, आखूड असेल तर मागे पुरेसं डोकं तयार होणार नाही.

२. आधी नमुना पट्टी

विमानात वापरायच्याच जाडीच्या, २५ मिमी रुंद आणि १५० मिमी लांब दोन पट्ट्या कापा. त्यांवर दहा रिव्हेटची पूर्ण प्रक्रिया करा. नुसतं मारून पाहणं पुरेसं नाही. आखणी, भोक, बर काढणं, डिंपल (सपाट डोक्यासाठी पत्रा दाबून केलेला खळगा), सगळं त्याच क्रमाने. मग त्यातले पाच काढा. काढायचा सरावही इथेच होतो, आणि तो पंखाच्या पत्र्यावर पहिल्यांदा करण्यापेक्षा इथे केलेला बरा.

गनचा दाब ठरवायची जागाही हीच. रोज काम सुरू करताना एक पट्टी मारा. काल बरोबर असलेला दाब आज बरोबर असेलच असं नाही, कारण मध्ये कोणीतरी रेग्युलेटर फिरवलेला असतो.

३. आखणी

काठापासून रिव्हेटच्या मध्यापर्यंतचं अंतर व्यासाच्या किमान दुप्पट हवं. १/८ साठी ६.४ मिमी, ३/३२ साठी ४.८ मिमी. सपाट डोक्याच्या रिव्हेटला अडीचपट धरा. शिवाय दीडेक मिमी जास्तीचे ठेवले, तर ड्रिल थोडं सरकलं तरी सांधा वाचतो. दोन रिव्हेटमधलं अंतर व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको. बहुतेक ठिकाणी आराखडा याहून बराच जास्त पल्ला देतो.

काठाचं अंतर मोजताना सगळ्यांत जास्त फसवतो तो आतला भाग. वरचा पत्रा मापात आखलेला असतो, पण खालच्या बरगडीची (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या भागाची) पट्टी जराशी तिरकी बसलेली असते. वरून सगळं सुंदर दिसतं आणि आत भोक काठाला भिडतं. म्हणून आतल्या पट्टीच्या मधोमध मार्करने रेषा ओढा. पत्र्याच्या आधी पाडलेल्या भोकातून ती रेषा दिसली, तरच पुढचं भोक पाडा.

सावध: पत्र्यावर शिसपेन्सिल किंवा टोकदार सुई चालवू नका. शिसपेन्सिलमधलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंज लावतं. सुईचा ओरखडा वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर फाडतो, आणि त्याच रेषेवर पत्रा वाकवला तर तिथून तडा जातो. बारीक टोकाचा मार्कर वापरा.

पत्र्यावर संरक्षक प्लास्टिकचा थर असेल, तर रिव्हेटच्या रांगेपुरती पट्टी काढा, बाकीचा राहू द्या. सोल्डरिंग आयर्नचं टोक घासून गोल करा आणि पट्टीच्या कडेने हलकेच फिरवा. प्लास्टिक वितळून कापलं जातं, पत्र्याला ओरखडा पडत नाही. ब्लेडने कापू नका. हा थर वर्षानुवर्षं तसाच ठेवायचीही गोष्ट नाही. त्याखाली ओल धरते, आणि जुना झाला की तो सोलतही नाही.

४. भोकं पाडणं

३/३२ च्या रिव्हेटला ४० नंबरचं ड्रिल (२.४९ मिमी) आणि १/८ ला ३० नंबरचं (३.२६ मिमी). १/८ ची भोकंही आधी ४० नंबरने पाडा, मग ३० ने मोठी करा. एकाच फटक्यात ३० नंबर चालवलं, तर पातळ पत्र्यात भोक तिकोनी होतं.

ॲल्युमिनियमला वेग जास्त आणि जोर कमी लागतो. टोक १३५ अंशांचं, दुभंगलेल्या धारेचं घ्या, ते सरकत नाही. ड्रिल पत्र्याला काटकोनात हवं. चकचकीत पत्र्यात ड्रिलचं प्रतिबिंब दिसतं. ड्रिल आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत दोन्ही बाजूंनी दिसली, तर काटकोन बरोबर आहे.

प्रत्येक नव्या भोकात लगेच क्लिको (पत्रे तात्पुरते एकत्र धरणारी स्प्रिंगची पिन) घाला. ४० नंबरच्या भोकाला चंदेरी, ३० नंबरला तांब्याच्या रंगाचा. रांगेच्या मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेलात, तर पत्रा थोडाथोडा पुढे ढकलला जातो आणि शेवटी फुगवटा उरतो. तो नंतर कशाने जात नाही.

सावध: फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नकोत, चष्मा मात्र हवाच. आणि ड्रिलच्या पलीकडे काय आहे ते पाहा. एकाच्या जागी दोन पत्र्यांना भोकं पडणं ही या कामातली फार जुनी चूक आहे.

५. सगळं सुटं करा आणि बर काढा

लोक गाळतात ती हीच पायरी. भोकं जुळली, क्लिको बसले, भाग छान दिसतोय, मग सुटा कशाला करायचा? कारण ड्रिलने खालच्या पत्र्याच्या वर आणि वरच्या पत्र्याच्या खाली चुरा ढकललेला असतो, आणि प्रत्येक भोकाच्या काठावर बर उभी असते. ती दोन पत्र्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. रिव्हेट मारला की मऊ धातू त्या फटीत पसरतो आणि पत्रे कायमचे वेगळे राहतात. वरून काही दिसत नाही. पण सांधा हलतो, आणि काही काळाने रिव्हेटभोवती काळपट भुकटी दिसू लागते.

बर दोन्ही बाजूंनी काढा. हाताने फिरवायच्या कटरने दोन ते तीन हलक्या फेऱ्या, बस. बर गेली पाहिजे, भोकाच्या काठाला उतार पडता कामा नये. जोर लावला तर पातळ पत्र्यात नकळत काउंटरसिंक (कापून केलेला उतरता खळगा) तयार होतं, आणि रिव्हेटला धरायला पत्र्याची पूर्ण जाडी उरत नाही. नेहमीच्या मोठ्या ड्रिलचं टोक बोटांनी फिरवूनही हे काम होतं, पण हलक्या हाताने.

पत्र्याच्या कडांचीही बर काढा. आधी कानस, मग तपकिरी रंगाचं स्कॉच-ब्राइट, म्हणजे घासायचं पॅड. कापलेल्या कडेवरची बारीक खाच म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. नखाने कड चाचपा. नख अडकलं की तिथे पुन्हा घासा.

सावध: ॲल्युमिनियमवर लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल कधीच नाही. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो.

६. डिंपल की काउंटरसिंक

४२६ रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसायला खळगा लागतो. तो कापून करायचा की दाबून, हे पत्र्याची जाडी ठरवते. ३/३२ च्या डोक्याची उंची सुमारे ०.९ मिमी, १/८ ची १.१ मिमी. पत्रा त्याहून जाड हवा. त्यामुळे ३/३२ साठी १ मिमी आणि १/८ साठी १.३ मिमीपेक्षा पातळ पत्र्यात काउंटरसिंक करू नका, डिंपल करा. नाहीतर कटर आरपार जातो, भोक मोठं होतं आणि काठ सुरीसारखा धारदार होतो.

*डिंपल.* डाय म्हणजे पत्रा मध्ये धरून दाबायच्या साच्यांची जोडी. नर डाय नेहमी रिव्हेटचं डोकं येणाऱ्या बाजूला, मादी डाय मागे. मोठ्या पत्र्यासाठी सी आकाराची चौकट आणि हातोडा, काठाजवळच्या भोकांसाठी स्क्वीझर (जबड्यात धरून दाबणारं हत्यार). डाय एकमेकांवर पूर्ण टेकेपर्यंत दाब हवा. अर्धवट दाबलेला डिंपल कडेला गोलसर आणि मऊ दिसतो, त्याच्याभोवती पत्रा वर उचललेला राहतो. नीट पडलेल्या डिंपलला स्पष्ट, तीक्ष्ण वर्तुळ असतं आणि पट्टी आडवी ठेवली तर ती भोवतालच्या पत्र्यावर सपाट बसते.

सी चौकटीतली महाग चूक एकच आहे: डायची पिन भोकात नसताना हातोडा मारणं. भोकाशेजारी दुसरं भोक पडतं आणि दोन्ही मिळून इंग्रजी आठाचा आकडा दिसतो. तो पत्रा वाचवायला ठिगळ लागतं. हातोडा उचलण्याआधी पत्रा किंचित हलवून पाहा. तो पिनेवर अडकला पाहिजे. पत्रा मोठा असेल तर त्याच उंचीचं टेबल चौकटीभोवती ठेवा, म्हणजे त्याचं वजन पिनेवर येणार नाही.

डिंपलमुळे भोक थोडं मोठं होतं, म्हणून आधी 'जरा सैल' भोक पाडायची सवय मोडा. डिंपल केल्यावर दहापट भिंगाने काही भोकं बघा. काठापासून निघालेले केसासारखे तडे दिसले तर कारण बहुधा राहिलेली बर. पाचव्या पायरीची कसर इथे अशी निघते.

*काउंटरसिंक.* खोली ठरवणारा पिंजरा असलेला कटर वापरा. त्याची एक खटक साधारण ०.०२५ मिमीची असते. मधली पिन भोकात घट्ट हवी. पातळ पट्टी असेल तर तिच्यामागे लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा लावून त्यातही भोक पाडा, म्हणजे पिनेला खालून आधार मिळतो. आधार नसेल तर कटर थरथरतो आणि खळगा बहुकोनी होतो.

खळग्यात थेट रिव्हेट बसणार असेल, तर डोकं पत्र्याशी सपाट होईल एवढीच खोली. खळग्यात वरच्या पत्र्याचा डिंपल बसणार असेल, तर सुमारे सात खटके अधिक. हे विसरलं की वरचा पत्रा डिंपलवर तरंगतो.

तपासणी: डिंपल केलेला वरचा पत्रा बोटांनी नुसता ठेवा. दाबल्याशिवाय तो टेकला पाहिजे.

७. सफाई आणि प्रायमर

कोणता प्रायमर, यावर विमान बांधणाऱ्यांत जितका वाद होतो तितका इंजिनावरही होत नसावा. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. क्रम मात्र ठरलेला: डिंपल आधी, प्रायमर नंतर. उलट केलं तर डाय नवा थर फोडते. तपकिरी पॅडने पृष्ठभाग घासा, द्रावकाने पुसा, कोरड्या स्वच्छ कापडाने दुसऱ्यांदा पुसा, मग हातमोज्याशिवाय हात लावू नका. थर पातळ द्या. जाड थर वजन वाढवतो आणि सांध्यात फट ठेवतो. दोन घटकांच्या प्रायमरचं प्रमाण डब्यावर दिलेलं असेल तसंच.

८. पुन्हा जोडणी

भाग ज्या जागी होते तिथेच परत जायला हवेत, म्हणून सुटे करण्याआधीच प्रत्येकावर मार्करने डावा, उजवा, वर, पुढे असं लिहा. प्रायमरखाली खुणा जाणार असतील, तर चिठ्ठी बांधा.

क्लिको प्रत्येक दुसऱ्या भोकात. दोन क्लिकोंच्या मध्ये बोटाने दाबल्यावर पत्रा हलत असेल, तर तिथेही एक घाला. रिव्हेट मधून बाहेरच्या दिशेने, आणि सलग नाही. आधी प्रत्येक पाचवा-सहावा बसवा, मग मधले भरा. एका टोकापासून ओळीने मारत गेलात, तर पत्रा ताणला जाऊन शेवटी ढिला पडतो. अंगठ्याने दाबल्यावर 'टक' आवाज करत आत-बाहेर होणारे पत्रे असेच तयार होतात.

९. रिव्हेट मारणं

*जिथे स्क्वीझर पोचतो तिथे स्क्वीझरच.* तो प्रत्येक वेळी सारखाच दाबतो. पण पूर्ण दाबण्याआधी त्याचा जबडा सरळ आहे का हे पाहा. तिरका धरला तर रिव्हेट आडवा झुकतो.

*सपाट रिव्हेट मागून मारता येत असेल तर उत्तम.* पोलादी सपाट प्लेटवर पत्रा पालथा ठेवा, रिव्हेट टेपने जागेवर धरा आणि मागून स्प्रिंगची कॉलर असलेल्या सेटने (गनच्या टोकाला बसवायच्या, ठोकणाऱ्या तुकड्याने) मारा. कॉलर पत्रे एकत्र दाबते. बाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा राहतो. एकच अट: प्रत्येक रिव्हेटखाली प्लेट आहे याची खात्री. प्लेटच्या काठाबाहेर मारलेला एक रिव्हेट पत्र्याला कायमचा पोचा पाडतो.

*उरलेल्यांसाठी गन आणि बकिंग बार,* म्हणजे मागे धरायचा पोलादी ठोकळा. ३/३२ साठी बार साधारण ०.९ ते १.४ किलो, १/८ साठी १.४ ते १.८ किलो. हलका बार उड्या मारतो. टंगस्टनचा बार लहान आकारात जड असतो, म्हणून अडचणीच्या जागी तो सोयीचा. ४७० साठी त्याच मापाचा वाटीसारखा सेट, ४२६ साठी सपाट सेट.

हवेचा दाब ३/३२ साठी ३५ ते ४० पीएसआयपासून (दर चौरस इंचाला पौंड) सुरू करा, १/८ साठी थोडा वाढवा, आणि अंतिम आकडा नमुना पट्टीवर ठरवा. रिव्हेट दोन-तीन सेकंदांत बसला पाहिजे. कमी दाबावर बराच वेळ टकटक करत राहिलात, तर धातू ठोकून कडक होतो आणि मागच्या डोक्याच्या कडेला तडे पडतात. 'हळू मारलं म्हणजे सुरक्षित' हा समज इथे उलटा पडतो.

क्रम असा:

१. रिव्हेट घाला, सेट डोक्यावर काटकोनात टेकवा, गनला घट्ट दाब द्या.
२. बार धरणारा रिव्हेटच्या मागे बार सपाट टेकवतो आणि 'तयार' म्हणतो. त्याआधी ट्रिगर नाही. बार नसताना मारलं तर पत्र्याला पोचा पडतो.
३. मारताना गनचा जोर बारच्या जोरापेक्षा जास्त हवा. उलट झालं तर डोकं पत्र्यापासून उचललं जातं.
४. थांबा. बार धरणारा तपासतो. आवाज ऐकू येत नसेल तर खूण ठरवा: एक ठोका म्हणजे अजून मार, दोन म्हणजे चांगला, तीन म्हणजे काढायचा.

दोघांपैकी मत बार धरणाऱ्याचं चालतं, कारण मागचं डोकं त्यालाच दिसतं.

सावध: सेट गनला धरून ठेवणारी स्प्रिंग लावल्याशिवाय हवा जोडू नका, आणि गन कशाला टेकलेली नसताना ट्रिगर दाबू नका. सेट गोळीसारखा सुटतो. दोघांनाही कानाचं संरक्षण हवं.

१०. तपासणी

मागच्या डोक्याचा व्यास रिव्हेटच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी. १/८ साठी व्यास ४.८ मिमी, उंची १.६ मिमी. ३/३२ साठी ३.६ आणि १.२ मिमी. भोकं असलेला मापक बनवून घ्या, डोळ्यावर विसंबू नका.

- *डोक्यावर चंद्रकोरीचा घाव:* सेट तिरका होता. पत्र्यावर घाव उठला असेल तर गांभीर्य जास्त.
- *मागचं डोकं एका बाजूला सरकलेलं:* बार तिरका किंवा सरकता, नाहीतर रिव्हेट लांब.
- *मागचं डोकं पातळ आणि पसरट:* जास्त मारला. भोवती पत्रा फुगलेला दिसतो.
- *उंच आणि अरुंद:* कमी मारला. हा एकटाच दुरुस्त होतो, पुन्हा मारा.
- *रिव्हेटच्या मूळ, पुढच्या डोक्याखाली पातळ पाती शिरते:* डोकं टेकलेलं नाही किंवा पत्र्यांत फट आहे.

किंचित कमी-जास्त रिव्हेट लगेच काढायला धावू नका. काढताना भोक बिघडण्याचा धोका तो ठेवण्याच्या धोक्यापेक्षा अनेकदा मोठा असतो. शंका असेल तर अनुभवी तपासनिसाला दाखवा, आणि स्पारसारख्या (पंखाचा भार घेणाऱ्या मुख्य तुळईसारख्या) मुख्य भागात स्वतःच्या अंदाजावर निर्णय नको.

११. खराब रिव्हेट काढणं

एडी रिव्हेटच्या डोक्यावरचा खळगा इथे उपयोगी पडतो, ड्रिलचं टोक तिथे आपोआप बसतं. १/८ ला ३० किंवा त्याहून एक माप लहान ड्रिल घ्या. फक्त डोक्याच्या जाडीएवढंच खोल जा, पत्र्यात नाही. भोकात त्याच मापाचा पंच घालून बाजूला झुकवा, डोकं तुटून निघतं. मग मागे भोक असलेला लाकडी ठोकळा धरा आणि पंचाने दांडा हलकेच बाहेर ठोका. मागे आधार न देता ठोकलं तर पातळ पट्टी वाकते. दांडा अडला तर आणखी थोडं खोल ड्रिल करा, जोर नको.

भोक मोठं झालं असेल तर त्याच मापाचा रिव्हेट पुन्हा घालू नका. तो भोक भरण्याआधीच मागे डोकं धरतो. काठाचं अंतर पुरत असेल तर एक माप मोठा घ्या. सपाट डोक्याच्या जागी एनएएस१०९७ चा १/८ रिव्हेट कामी येतो. त्याचा दांडा १/८ इंचाचा, पण डोकं साधारण ३/३२ च्या रिव्हेटएवढं, म्हणून जुन्या डिंपलमध्ये बसतं. लहान डोक्यामुळे त्याची पकड कमी असते. सगळी रांगच त्यावर उभी करू नका.

पंख किंवा शेपटीचा डबा बंद करण्याआधी आतला चुरा व्हॅक्यूमने काढा, आणि आत पडलेले रिव्हेट मोजून बाहेर काढा. क्लिकोही मोजा. मग प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घ्या. तपासनीस येईपर्यंत शेवटचा पत्रा उघडाच राहू द्या.